ज्येष्ठता डावलून निवडलेला सेनापती कुणाचा होतो?

मेघना_वानवडी (धागाकर्ती) · शनिवार, रात्री ९:४०

गेल्या रविवारी भाच्याला घेऊन भवानी पेठेतल्या जनरल अरुणकुमार वैद्य स्टेडियमवर गेले होते. पाटी वाचून त्यानं विचारलं, "मावशी, हे कोण?" मला आठवलं तेवढं सांगितलं. १९६५ आणि १९७१, दोन्ही युद्धांत महावीरचक्र. १९८३ मध्ये लष्करप्रमुख. सुवर्णमंदिरातली कारवाई त्यांच्याच काळातली. निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आले आणि १० ऑगस्ट १९८६ ला कॅम्पातून घरी परतताना, स्वतः गाडी चालवत असताना, त्यांना गोळ्या घातल्या.

घरी आल्यावर हे बाबांना सांगत होते. बाबा लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेत. कर्नलच्या बढतीच्या निवड मंडळात, म्हणजे बोर्डात, ते राहून गेले, त्यामुळे हा विषय आमच्या घरी सहसा निघत नाही. पण त्या दिवशी ते म्हणाले, "त्याला हेही सांग की वैद्यसाहेबांना प्रमुख केलं तेव्हा जनरल सिन्हांना डावललं होतं. ते व्हाइस चीफ होते, सगळ्यात ज्येष्ठ होते. त्यांनी राजीनामा दिला. वैद्यसाहेब कर्तबगार होते, त्यात शंका नाही. पण त्या दिवसापासून खालचा प्रत्येक जण वर बघायला लागला."

"खालचा प्रत्येक जण वर बघायला लागला" हे वाक्य आठवडाभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सत्तेवरच्या माणसाला सैन्याची भीती वाटते. विशेषतः नवं राज्य असेल किंवा खुर्ची डळमळीत असेल तर जास्तच. मग तो बढत्या आणि नेमणुका हातात घेतो. वरच्या पाच-सहा जणांना ओलांडून एखादा निरुपद्रवी, आभार मानणारा माणूस शोधतो. त्याला वाटतं, हा आपल्यामुळे मोठा झाला, म्हणजे आपला झाला. आणि नेमकं तिथेच घात होतो.

पाकिस्तानात पंतप्रधान भुट्टोंनी मार्च १९७६ मध्ये अनेक ज्येष्ठ जनरलना मागे टाकून झिया-उल-हक यांना प्रमुख केलं. नमाजी, नम्र, खाली मान घालून बोलणारा माणूस म्हणून. ५ जुलै १९७७ ला त्याच झियांनी सत्ता घेतली आणि एप्रिल १९७९ मध्ये रावळपिंडीच्या तुरुंगात भुट्टोंना फाशी झाली. नवाज शरीफांनी ऑक्टोबर १९९८ मध्ये मुशर्रफना निवडलं, तेही ज्येष्ठांना डावलून. हा मुहाजिर, म्हणजे फाळणीत भारतातून आलेला आहे, पंजाबी-पठाण जनरलांमध्ये याचा गट नाही, हा हिशोब त्यामागे होता असं सगळेच म्हणतात. एक वर्षानं, १२ ऑक्टोबर १९९९ ला, मुशर्रफ कोलंबोहून परतताना विमानात असताना शरीफांनी त्यांना काढलं, आणि रात्रीपर्यंत शरीफच अटकेत होते. इजिप्तमध्ये राष्ट्राध्यक्ष मुर्सींनी ऑगस्ट २०१२ मध्ये जुन्या संरक्षणमंत्री तंतावींना घरी पाठवून सिसींना आणलं. सिसींनी जुलै २०१३ मध्ये मुर्सींना हटवलं. चिलीत राष्ट्राध्यक्ष अयेंदेंनी २३ ऑगस्ट १९७३ ला पिनोशेला सरसेनापती केलं, ११ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर बॉम्ब पडत होते. एकोणीस दिवस.

उपकारातून निष्ठा तयार होत नाही असं मला वाटू लागलंय. ज्याला आपण कुणाच्या मेहरबानीनं वर आलो हे माहीत असतं, त्याला हेही माहीत असतं की ती मेहरबानी उद्या दुसऱ्यावर होऊ शकते. तुम्हाला काय वाटतं?

---

इतिहासवेडा_तळेगाव · शनिवार, रात्री ११:०५

ताई, फार चांगला विषय. पाकिस्तान-चिलीला जायच्या आधी आपल्याकडेच पाहू या, कारण हा प्रश्न महाराजांनी ज्या तऱ्हेनं सोडवला ती तऱ्हा अजून शिकण्यासारखी आहे.

किल्ला एकाच्या ताब्यात द्यायचा नाही. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तिघे, तिन्ही वेगवेगळ्या जातींचे. फौज आणि किल्ल्या एकाकडे, जमाखर्च दुसऱ्याकडे, कोठार आणि दाणागोटा तिसऱ्याकडे. एकानं फितुरी करायची म्हटली तरी उरलेल्या दोघांना कळल्याशिवाय ती पार पडत नाही. पगार रोख, शक्यतो वतन नाही. सरनौबतीचंही, म्हणजे सेनापतिपदाचंही, तेच. नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत म्हणून पन्हाळ्याच्या प्रकरणानंतर पद गेलं. मग प्रतापराव गुजर, ते फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला पडले, मग हंबीरराव मोहिते.

आणि हंबीररावांची गोष्ट तर या धाग्याचा प्राणच आहे. हंबीरराव सोयराबाईंचे सख्खे भाऊ. एप्रिल १६८० मध्ये महाराज गेले. रायगडावर अण्णाजी दत्तो आणि मोरोपंतांनी राजारामांना गादीवर बसवलं आणि संभाजीराजांना पकडायला ते पन्हाळ्याकडे निघाले. सगळ्यांचा हिशोब एकच, सेनापती तर आपलाच, भाच्याच्या विरुद्ध कसा जाईल? हंबीरराव कऱ्हाडाजवळ छावणी करून होते. त्यांनी त्या कारभाऱ्यांनाच धरलं आणि संभाजीराजांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. बहीण, भाचा, सगळं बाजूला ठेवून. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत ते गेले, तेही संभाजीराजांसाठी लढताना.

म्हणजे नातं बघून ज्यांनी त्यांना गृहीत धरलं ते फसले. ज्यांनी लढाई बघून त्यांना पद दिलं होतं त्यांचं राज्य टिकलं.

उलट उदाहरण आमच्या गावचं. तळेगावच्या दाभाड्यांकडे शाहू महाराजांनी सेनापतिपद दिलं, १७१७ च्या सुमारास खंडेरावांना. ते पुढे घराण्यातच राहिलं. खंडेरावांनंतर त्र्यंबकराव सेनापती, आणि मराठी राज्याचा हा सेनापती निजामाशी संधान बांधून पेशव्याच्या विरुद्ध उभा राहिला. १ एप्रिल १७३१ ला डभोईला बाजीरावांनी त्यांचा पराभव केला, त्र्यंबकराव तिथेच पडले. मराठ्यांच्या फौजेनं मराठ्यांच्या सेनापतीला मारलं. त्यानंतरही शाहूंनी सेनापतिपद त्याच घरात यशवंतरावांना दिलं, कारण सरंजाम इतका मुरला होता की काढून घेणं शक्यच नव्हतं. पद वंशाला चिकटलं की ते द्यायला आणि काढायला राजाच्या हातात काही उरत नाही.

---

नचिकेत_डेक्कन · रविवार, सकाळी ८:१५

लेख वाचला. मांडणी प्रभावी आहे, पण दोन ठिकाणी मला पटत नाही.

एक, चिली. पिनोशे ज्येष्ठता डावलून आले नव्हते. कार्लोस प्रॅट्स यांनी राजीनामा दिला, त्यांच्यानंतर ज्येष्ठ पिनोशेच होते, आणि त्यांची शिफारस प्रॅट्स यांनीच केली होती. अयेंदेंनी अगदी नियमानं नेमणूक केली आणि तरीही बंड झालं. म्हणजे "डावललं म्हणून घात झाला" हे सूत्र तिथे तुटतं.

दोन, आणि हे महत्त्वाचं. निवडून आलेल्या सरकारला आपला सेनापती निवडायचा अधिकार नसेल तर मग लोकशाही कशाची? ज्येष्ठता म्हणजे शेवटी भरतीची तारीख आणि जन्मतारीख. उद्या त्या दोन तारखांवरूनच प्रमुख ठरणार असेल तर मंत्रिमंडळानं फक्त सही करायची का? अमेरिकेत लिंकननी सेनापती मॅक्लेलनला नोव्हेंबर १८६२ मध्ये काढलं, त्यानंतर लायक माणूस मिळेपर्यंत आणखी दोघांना बदललं. ट्रूमननी एप्रिल १९५१ मध्ये मॅकआर्थरसारख्या लोकप्रिय सेनापतीला घरी पाठवलं. तो निर्णय योग्यच होता. २०१६ मध्ये आपल्याकडे बिपिन रावत यांना दोन ज्येष्ठ आर्मी कमांडरांच्या आधी निवडलं, तेव्हा सरकारनं काश्मीर आणि ईशान्येतल्या त्यांच्या अनुभवाचं कारण दिलं. हे कारण पटो वा न पटो, निवडण्याचा अधिकार सरकारचाच आहे.

पाकिस्तानात प्रमुख कोण नेमला यानं फरक पडला असं मला वाटत नाही. तिथे सैन्य हेच राज्य होतं. दुसरा कुणी नेमला असता तरी थोडं मागेपुढे तेच झालं असतं.

---

मेघना_वानवडी · रविवार, सकाळी ९:०२

नचिकेत, पिनोशेबद्दल तुमचं बरोबर आहे, माझीच चूक. सगळी उदाहरणं एका माळेत ओवायच्या नादात ते आलं. तो परिच्छेद तसाच ठेवते, म्हणजे तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला संदर्भ लागेल.

अधिकाराबद्दल वाद नाही. लिंकन आणि ट्रूमन यांनी काढलं, ते उघडपणे, लढाईच्या किंवा आज्ञाभंगाच्या कारणासाठी. मी बोलतेय ते "हा आपल्याला त्रास देणार नाही" या कारणासाठी निवडण्याबद्दल. दोन्हींत सही तीच असते, हे मान्य. फरक खालच्यांना कळतो.

---

कोल्हापूरकर_कोथरूड · रविवार, दुपारी १२:३०

या धाग्यावर थोरातसाहेबांचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

ले. जन. शंकरराव थोरात आमच्या कोल्हापूर भागातले, वडगावचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत डीएसओ हे पदक. कोरियात युद्धकैद्यांसाठी भारतानं जी फौज पाठवली तिचे प्रमुख. १९५७ पासून १९६१ पर्यंत पूर्व कमांडचे प्रमुख, म्हणजे नेफाची (आजच्या अरुणाचलची) सगळी सरहद्द त्यांच्याकडे. चीन आला तर कुठून येईल, कुठली ठाणी टिकणार नाहीत, आपण मागे कुठे उभं राहावं हे त्यांनी कागदावर मांडलं. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यावर सरावही घेतला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ती भीती अनाठायी वाटली.

१९६१ मध्ये लष्करप्रमुख थिमय्या निवृत्त होणार होते. त्यांची शिफारस थोरातांसाठी होती. सरकारनं थापर यांना नेमलं. आता थापर थोरातांना ज्येष्ठ होते, त्यामुळे नचिकेत म्हणतील की नियम पाळला. पाळलाच. पण नियम कधी पाळायचा आणि कधी नाही हे ठरवणारा हात एकच असेल तर नियमाला काय अर्थ? कारण त्याच काळात बी. एम. कौल यांना भराभर वर आणलं गेलं. कौल आर्मी सर्व्हिस कोअरमधले. लढाईत बटालियनचं नेतृत्व त्यांनी कधी केलं नव्हतं. नेहरूंच्या आणि मेननांच्या जवळचे. १९५९ मध्ये थिमय्यांनी मेननांशी खटके उडाल्यावर राजीनामा दिला, नेहरूंनी समजावून तो मागे घ्यायला लावला, आणि मग लोकसभेत थिमय्यांनाच बोल लावला. त्यानंतर सैन्यात कुणाची हिंमत होणार तोंड उघडायची?

ऑक्टोबर १९६२ मध्ये नव्या चौथ्या कोअरची कमान कौल यांच्याकडे दिली. उंचीवर आजारी पडून ते दिल्लीला गेले आणि घरातल्या बिछान्यावरून कोअर चालवत होते, अगदी हल्ला सुरू झाला तेव्हासुद्धा. नाम्का चू नदीकाठी जी पोरं कापसाच्या गणवेशात उभी होती त्यांना हे माहीत नव्हतं.

दुसरीकडे वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात माणेकशॉ यांच्यावर चौकशी बसवली होती, ते राष्ट्रविरोधी बोलतात म्हणून. चौकशीत ते निर्दोष ठरले. पराभवानंतर कौल गेले आणि त्यांच्या जागी चौथ्या कोअरवर कुणाला पाठवलं? माणेकशॉंना. ज्याला बाजूला काढायला निघाले होते त्यालाच बोलवावं लागलं.

मग मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे आपण अभिमानानं म्हणतो. माझ्या मते यशवंतरावांचं खरं काम त्या वाक्यात येत नाही. ते सेनापतींना बोलू देत, ऐकून घेत, आणि त्यांच्या माणसांत आपली माणसं पेरत नसत. १९६५ ला त्याचा फायदा झाला.

थोरात चीनच्या युद्धाच्या वेळी निवृत्त होऊन कोल्हापुरात होते. मला शाळेत असताना या माणसाचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. आजही कोल्हापुरात दहा जणांना विचारा, किती जण सांगतील?

---

इतिहासवेडा_तळेगाव · रविवार, दुपारी १:१०

कोल्हापूरकर, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका. मनापासून सांगतो.

---

संपादक · रविवार, दुपारी ३:००

आजच्या पक्षांवरून आलेले चार प्रतिसाद काढले आहेत. १९८३ चा निर्णय एका पक्षाच्या सरकारचा, २०१६ चा दुसऱ्या. दोन्हींवर बोला, पण विषयाला धरून.

---

रेंजहिल्स · रविवार, सायं. ५:२०

अभ्यासक याला कू-प्रूफिंग म्हणतात, म्हणजे बंड होऊच नये अशी सैन्याची बांधणी. बढत्या हा त्यातला एक भाग. बाकीच्या युक्त्या म्हणजे सैन्याला समांतर दुसरं दल उभं करायचं, कमांडरला कुठेच फार काळ ठेवायचं नाही, आणि दोन तुकड्यांना एकमेकांशी थेट बोलू द्यायचं नाही. इराणनं १९७९ मध्ये रेव्होल्यूशनरी गार्ड उभं केलं ते जुन्या सैन्यावर विश्वास नव्हता म्हणूनच. मुजीबांनी बांगलादेशात रक्षी वाहिनी काढली आणि सैन्यात झियाउर रहमान यांच्याऐवजी शफीउल्ला यांना प्रमुख केलं. दोन्ही उपाय करूनही १५ ऑगस्ट १९७५ ला लष्करी अधिकाऱ्यांनी मुजीबांना मारलंच.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडतं ते इजिप्तचं जुनं उदाहरण, मुर्सींच्या आधीचं. नासर आणि अब्देल हकीम आमेर जिवलग मित्र. १९५२ च्या क्रांतीनंतर नासरना सैन्याची भीती होती, म्हणून १९५३ मध्ये त्यांनी मेजर असलेल्या आमेरना एका झटक्यात मेजर जनरल करून सरसेनापती केलं. मधले सगळे हुद्दे ओलांडून. मैत्री इतकी घट्ट की बंडाची शक्यताच नाही. आमेरनी काय केलं? सैन्यात आपली माणसं भरली, मित्रांना घरं दिली, गाड्या दिल्या, बढत्या दिल्या. सैन्य नासरांचं न होता आमेरांचं झालं. १९५६ च्या लढाईत त्यांची कुवत उघडी पडली, १९६१ मध्ये इजिप्तशी एक झालेला सीरिया त्यांच्या नाकाखालून फुटून गेला, तरी नासर त्यांना हलवू शकले नाहीत. ज्याला बंड होऊ नये म्हणून बसवलं त्याला काढलं तर बंड होईल, अशी अवस्था. जून १९६७ मध्ये इस्रायलनं सकाळच्या काही तासांत विमानदल जमिनीवरच संपवलं आणि आमेरनी घाईघाईत सिनाईतून माघारीचा हुकूम दिला. हजारो सैनिक वाळवंटात मेले. सप्टेंबरमध्ये आमेरही गेले, सरकारी म्हणण्याप्रमाणे आत्महत्या.

नचिकेत, तुम्ही म्हणता सरकारचा अधिकार. अधिकार होताच नासरांना. किंमत कुणी दिली?

इराकचंही असंच. मलिकींनी पंतप्रधान असताना सरसेनापतीचं कार्यालय स्वतःकडे घेतलं आणि डिव्हिजन कमांडर स्वतःच्या मर्जीतले बसवले. जून २०१४ मध्ये मोसुल पडलं तेव्हा कमांडर आधी पळाले. त्याच वर्षाअखेर नव्या पंतप्रधानांनी सांगितलं की पगारपत्रकावर पन्नास हजार सैनिक असे सापडले जे प्रत्यक्षात नव्हतेच.

चीनमध्ये तर बढती विकली जायची. केंद्रीय लष्करी आयोगाचे दोन माजी उपाध्यक्ष त्यात सापडले, ग्वो बोश्योंग यांना २०१६ मध्ये जन्मठेप, श्यू त्सायहोउ खटल्याआधीच कर्करोगानं गेले. शी जिनपिंग यांनी त्यांच्या जागी आपली माणसं आणली. मग आपल्याच माणसांतले ली शांगफू २०२४ मध्ये आणि ह वेइदोंग २०२५ मध्ये पक्षातून काढले गेले.

---

नचिकेत_डेक्कन · रविवार, सायं. ६:४५

आमेरचं उदाहरण जबरदस्त आहे, मला माहीत नव्हतं. माझा मुद्दा मात्र मी सोडत नाही, फक्त नेमका करतो. सरकारनं निवडावं, पण निवडताना कारण लिहून ठेवावं. तीस वर्षांनी का होईना ते वाचता आलं पाहिजे. १९६२ च्या पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल अजून सरकारनं जाहीर केलेला नाही, त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकारानं इंटरनेटवर टाकला म्हणून आपल्याला दिसला. कारणच दिसत नसेल तर डावलणं आणि निवडणं यातला फरक आपण नागरिकांनी ओळखायचा कसा?

---

कोल्हापूरकर_कोथरूड · रविवार, सायं. ७:०५

अवांतर नाही, कारण त्या अहवालातल्या भगतांचीच गोष्ट यात बसते. प्रेमिंद्रसिंग भगत, १९४१ मध्ये ॲबिसिनियात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे. पुढे त्यांची लष्करप्रमुख व्हायची वेळ येणार होती, पण तेव्हाचे प्रमुख जनरल बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि भगत वयामुळे निवृत्त झाले. कुणालाही डावललं नाही, एकही फाइल फिरवावी लागली नाही, फक्त तारीख पुढे गेली. लेफ्टनंट जनरल साठीला निवृत्त होतो आणि प्रमुख बासष्टपर्यंत किंवा तीन वर्षं, जे आधी होईल ते, राहतो, त्यामुळे काही महिन्यांच्या फरकानं कुणाचं तरी दार कायमचं बंद होतं.

---

सुभेदार_निवृत्त · रविवार, रात्री ८:५०

नमस्कार मंडळी. मी शिकलेला माणूस नाही, नातू टाइप करून देतोय. सव्वीस वर्षं नोकरी केली. आता खडकीला असतो.

मोठ्या साहेबांच्या नेमणुकीचं आम्हाला काही कळत नव्हतं. आम्हाला आमचा सीओ, म्हणजे पलटणीचा कमांडिंग ऑफिसर, कळायचा. एका पोस्टिंगवर दोन साहेब पाहिले. पहिले साहेब वरून हुकूम आला की अमुक चौकी अमुक दिवसात पुढे न्या, तर जाऊन जागा बघून आले आणि वर कळवलं की बर्फ उतरल्याशिवाय माणसं नेणार नाही. त्यांची बदली झाली. दुसरे आले ते "यस सर" म्हणाले आणि माणसं नेली. आमच्या चार पोरांच्या पायाची बोटं गेली. एकाचा पाय गेला. पुढे ऐकलं, दुसऱ्या साहेबांना बढती मिळाली.

जवान हे विसरत नाही. त्याला कोण कुणाचा माणूस आहे ते कळत नाही, पण कोण आपल्यासाठी नाही म्हणाला होता ते मरेपर्यंत लक्षात राहतं. एवढंच सांगायचं होतं. जय हिंद.

---

मेघना_वानवडी · रविवार, रात्री ९:१५

सुभेदारसाहेब, नमस्कार. तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

---

एनडीए_तयारी_२६ · रविवार, रात्री १०:००

मी बारावीला आहे, एनडीएची लेखी परीक्षा देणार आहे. सगळं वाचून थोडी भीती वाटली. बढती नक्की मिळते कशी? सगळं वशिल्यावरच असतं का?

---

ॲडव्होकेट_शिवाजीनगर · रविवार, रात्री १०:४०

नाही, सगळं वशिल्यावर नसतं, आणि हे तुला नीट कळायला हवं. लेफ्टनंट कर्नलपर्यंत आता ठरावीक सेवेनंतर हुद्दा मिळतो. खरी चाळणी कर्नलपासून. क्रमांक ३ चं निवड मंडळ कर्नलसाठी, क्रमांक २ चं ब्रिगेडियरसाठी, क्रमांक १ चं मेजर जनरलसाठी, त्यापुढे खास मंडळ. मंडळासमोर तुझा कागद असतो, वर्षानुवर्षांचे गोपनीय अहवाल, आणि प्रत्येक अहवालावर तीन पायऱ्यांचे अधिकारी लिहितात. म्हणजे एका रागावलेल्या साहेबामुळे सगळं संपत नाही, निदान संपू नये अशी रचना आहे. जिथे अन्याय होतो तिथे २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. माझे पुण्यातले अशील त्यासाठी मुंबईच्या खंडपीठात जातात. गोपनीय अहवालातला एखादा शेरा विसंगत ठरून काढला गेला आणि पुन्हा मंडळासमोर संधी मिळाली, असं मी स्वतः करून घेतलेलं आहे. महिला अधिकाऱ्यांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये मूल्यमापनाची पद्धतच भेदभाव करणारी आहे असं म्हटलं.

सगळ्यात वरच्या नेमणुका मात्र मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीकडे जातात, पंतप्रधान आणि गृहमंत्री. तिथे कोर्ट सहसा हात घालत नाही. या धाग्यातला सगळा वाद त्या शेवटच्या पायरीचा आहे. तू आत्ता गणिताचे पेपर सोडव.

---

नचिकेत_डेक्कन · रविवार, रात्री ११:००

वकीलसाहेब, याच खालच्या पायऱ्यांमुळे आपण पाकिस्तान झालो नाही असं मला वाटतं. प्रमुख कुणीही असो, त्याच्या खालचे शेकडो ब्रिगेडियर कुण्या एका नेत्यामुळे ब्रिगेडियर झालेले नसतात.

---

मेघना_वानवडी · सोमवार, सकाळी ७:२०

नचिकेत, हे मी लिहायला हवं होतं. पूर्ण सहमत.

रात्री बाबांनी आपणहून विषय काढला. म्हणाले, लिही. त्यांच्या शब्दांत देते.

"१९८३ ला सिन्हासाहेबांनी राजीनामा दिला. २०१६ ला रावतांसाठी मागे ठेवलेल्या बक्षींनी दिला नाही, नव्या प्रमुखांच्या हाताखाली काम करत राहिले. मला दोघांबद्दल आदर आहे. माझं स्वतःचं सांगतो, मेघनाला मी हे कधी सांगितलेलं नाही. माझ्या अहवालात एका वर्षी एक शेरा आला. मी एका प्रदर्शनी सरावाबद्दल खरं लिहिलं होतं, ते आवडलं नव्हतं. सरावाला बाहेरून पाहुणे आले होते आणि सगळं आधी ठरवलेलं होतं. त्या एका शेऱ्यानं कर्नलचं बोर्ड गेलं. कोर्टात जायचं तेव्हा मनात आलं नाही. राग पाच-सात वर्षं राहिला.

पण मी युनिटची कमान सांभाळत होतो तेव्हा दुसऱ्यांचे अहवाल मीही लिहीत होतो. एक कॅप्टन होता, माझ्याशी दोनदा भांडला. एकदा तर सगळ्यांसमोर म्हणाला की सर, हे चुकतंय. रात्री नकाशा घेऊन बसलो तर चुकतच होतं. त्याच्या अहवालात मी तेच लिहिलं, की हा अधिकारी वरिष्ठाला चूक दाखवतो आणि ती बरोबर असते. माझ्या वरच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, हे वाक्य ठेवायचंय का? मी ठेवलं, आणि त्यांनीही काढलं नाही.

तो मुलगा ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाला. दर १५ जानेवारीला त्याचा फोन येतो. २०२५ ला सेनादिनाचं संचलन पुण्यात होतं, खडकीला, तेव्हा बायकोला घेऊन घरी आला होता."

एनडीए_तयारी, बाबा म्हणतात नकाशा वाचायला आत्तापासून शिक. रविवारी वानवडीला ये, त्यांच्याकडे जुने सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे आहेत.